पाय क्षणभर हलका

हार्लिंगनच्या धक्क्यापाशी माझं दुकान.
दारावरचा पत्रासुद्धा समुद्राने चावून ठेवलाय.
हिस्के आली ती सायकल ढकलतच,
डोळ्यांत रात्रीचं जागरण,
आणि चेन अशी गंजलेली की हात लावला
तर बोटांवर चहाच्या चोथ्यासारखं काही उरलं.
"वर्षातली तिसरी," ती म्हणाली.
"आता नवीच घेते, बॅटरीवाली.
गिअर कुठले घेऊ, ते तू सांग."

मी काय, तयारच होतो.
एकतीस वर्षं दुसरं काय सांगतोय?

पहिलीच्या मागच्या चाकाचा तुंबा लठ्ठ,
आठ गिअर पोटात घेऊन गप्प.
"हिच्या आत मीठ शिरत नाही, वाळू शिरत नाही.
सिग्नलला उभ्या उभ्या गिअर उतरव.
चेनऐवजी पट्टा घाल, मग तेलाचं नाव नको."
दुसरीचं सगळं उघड्यावर:
दातेरी चकत्यांची उतरंड,
खाली लोंबणारा डिरेलरचा हात,
सायकल आडवी झाली की वाकलाच.
"हलकी आहे," मी म्हणालो, "पण चेनचं निम्मं आयुष्य
मोटार खाते, निम्मं मीठ."

"आणि चढाला?"
मी हसलो. फ्रीसलंडात कसला चढ?
आमचा चढ म्हणजे वारा.
बांधावरून सरळ तोंडावर येतो
आणि त्याला पलीकडे उतार नसतो.

मग तिला ती गोष्ट सांगितली
जी विकताना सांगायची नसते.
तुंब्यातल्या गिअरला जबरदस्ती चालत नाही.
मोटार ढकलतेय, तूही रेटतेयस,
नेमकी तेव्हाच बदलायला गेलीस
तर आतले दात एकमेकांवर चढतात.
"बदलताना पाय क्षणभर हलका कर.
अर्धा श्वास. मग लाव पुन्हा जोर."

हिस्के एवढ्या मोठ्याने हसली
की कोपऱ्यात ट्यूब चिकटवणारा पोरगा दचकला.
"अरे, हेच तर मी रात्रभर सांगते!
बाळाचं डोकं दिसलं की म्हणते,
आता रेटू नकोस. धाप टाक. सोड जोर.
आणि ऐकतं कोण?
परवा ओस्टरबीरमला एकीने मलाच चावलं."
बाही वर केली. मनगटावर
दातांचा अर्धा गोल, अजून निळा.

मला वाटलं, झालं, सौदा पटला.
तुंबा जणू सुईणीसाठीच घडवलाय.
पावतीपुस्तक उघडलंसुद्धा.

ती मात्र दुसरीपाशी उकिडवी बसली,
हाताने पॅडल फिरवत,
चेन या चकतीवरून त्या चकतीवर
उडी मारते कशी, ते बघत राहिली.
बराच वेळ.
"वीब्रन, माझं सगळं कामच न दिसणाऱ्याचं.
पोटावर हात ठेवायचा, कान लावायचा,
आणि आत काय चाललंय ते ओळखायचं.
निदान सायकल तरी मला
सगळी दिसू दे.
गंजली तर गंजलेली दिसेल,
वाकली तर वाकलेली.
आणि पहाटे तीनला पंक्चर झाली
तर चाक झटकन निघेल, ते वेगळंच."

माझ्या हातात पेन होतं,
तोंडात शब्द नव्हता.

आता दर दहा आठवड्यांनी येते.
मी चेनला माप लावतो. ताणलेली असते.
नवी घालतो, जुनी खिळ्याला अडकवतो.
सात झाल्या. ती कॉफी पीत
बोटांवर मोजते: "हिच्यावर एकोणीस.
त्यातली दोन जुळी."
पैसे ठेवते, निघते.

पुलाच्या अलीकडे गिअर बदलते
ते मला दुकानात ऐकू येतं:
चेन खडखडण्याआधी
एक बारीकशी शांतता,
मोटारही थांबलेली.
पाय हलका करते ती.
त्या गिअरांना एवढं लाडावायची गरज नाही,
हे मी तिला सांगितलेलं नाही.